हरण्याची तालीम

विंडम घराण्यात जिंकण्याची तालीम कधी कुणी केली नव्हती. जिंकणं कुणालाही जमतं, असं थोरल्या कोराचं मत होतं. उठायचं, पायऱ्या चढायच्या, रडायचं. तालीम लागते ती हरायला. म्हणून घरातल्या कुणाला ऑस्करचं नामांकन मिळालं, की समारंभाच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी लॉस एंजेलिसमधल्या लॉस फेलिझच्या टेकडीवर कोराच्या घरी जमायचं आणि जेवता जेवता हरायचं.

या रविवारी हेस्टर सगळ्यांच्या आधी पोचली. सहासष्ट वर्षांची बाई, नावावर ऑस्करचे दोन पुतळे, हातात मोहरी घालून भरलेल्या अंड्यांचं ताट. दारातच थांबून तिने मागे रस्त्याकडे एकदा बघून घेतलं. मुलीची, जोसीची, गाडी दिसत नव्हती.

"येईल," आतून रूफस म्हणाला.

"मी कुठे काय विचारलं?"

"चेहऱ्याने विचारलंस. आज जरा जपून हं. आई सकाळपासून चेहऱ्यांवर टपून बसलीये. टपालवाल्यालासुद्धा म्हणाली, 'हसणं उशिरा आलं तुझं.'"

रूफस हेस्टरचा धाकटा भाऊ. आईजवळ, म्हणजे कोराजवळच राहायचा, आईचे आणि बहिणीचे सगळे व्यवहार सांभाळायचा. तीन पिढ्यांच्या नट्यांच्या या घरात अभिनय न येणारा तो एकटाच. त्यामुळे सगळ्यांचा विश्वासही त्याच्या एकट्यावरच.

"समारंभवाल्यांचा परत फोन आला होता," टेबलावर सुऱ्या-काटे मांडत तो म्हणाला. "आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. तुम्ही दोघी शेजारी शेजारी बसणार, की वेगवेगळ्या रांगांत?"

"शेजारी. मी कधीच सांगितलंय."

"तू सांगितलंयस. जोसी म्हणते, येऊन सांगते."

हेस्टरने अंड्यांचं ताट ठेवलं, उचललं, पुन्हा दुसरीकडे ठेवलं. नामांकनं जाहीर झाल्यापासून जोसी तिच्याशी बोललेली नव्हती. हेस्टरने मोबाइलवर चार ओळींचा निरोप पाठवला की पलीकडून एक शब्द यायचा. "बरं." कधी "ठीक." एकदा नुसता अंगठा आला होता, आणि तो अंगठा हेस्टरला शिवीपेक्षा जास्त लागला होता.

चूक हेस्टरची होती. ती चूकही दुसऱ्या कुठल्या घरात कुणाला करता आली नसती. तिचं बर्फातल्या विधवेचं काम स्टुडिओला सहायक अभिनेत्रीच्या गटात पाठवायचं होतं. अर्ध्या सिनेमात ती नव्हतीच, आणि त्या गटात यंदा तिच्यापुढे टिकणारं कुणी नव्हतं. पुतळा घरी चालत आला असता. स्टुडिओची माणसं हात जोडायची तेवढी राहिली होती. हेस्टरने मान ताठ केली आणि घराण्याचं जुनं वाक्य फेकलं: विंडम बायका बाजूला उभ्या राहत नाहीत. राहिल्या तर मधोमध.

मग मधोमध उभं राहिल्यावर कळलं, की त्याच जागेवर आपली मुलगी उभी आहे. मुख्य अभिनेत्रीची पाच नावं, त्यांतली दोन विंडम. जोसीचं हे पहिलंच नामांकन. वर्तमानपत्रांना आठवडाभर दुसरी बातमी लागली नाही.

"बाथरूममध्ये जाऊन ये," रूफस म्हणाला. "फोटो बघून ये. शकुन असतो."

पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, कमोडवर बसलं की बरोबर डोळ्यांसमोर, कोराचा एकोणीसशे चोपन्न सालचा फोटो होता. समारंभ टीव्हीवर दिसू लागल्याचं ते दुसरं वर्ष. तेवीस वर्षांची कोरा आपणच जिंकणार म्हणून अर्धी उठून बसली होती. नाव दुसरीचंच निघालं. त्या क्षणाचं तिचं तोंड उघडं, भुवया वर, एक हात हवेत. डोळ्यांदेखत गाडी निघून गेलेल्या उतारूसारखी ती दिसत होती. दुसऱ्या दिवशी देशभरच्या पेपरांनी जिंकणारीपेक्षा मोठा हाच फोटो छापला. कोराने तो चौकटीत बसवून घेतला. पुढे पाच वर्षांनी ती जिंकली. त्या दिवसाचा फोटो मात्र घरात कुठेही नव्हता.

हेस्टर बाहेर आली तेव्हा गाडी थांबल्याचा आवाज आला.

जोसी लिंबाचा केक घेऊन आली होती. चौतीस वर्षांची, आजीसारखी उंच, आईसारखी हनुवटी पुढे काढून चालणारी. तिने मामाला मिठी मारली आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या कोराच्या गालाचा मुका घेतला.

"काय म्हणतेस, आजी?"

"या घरात आजी कुणी नाही," त्र्याण्णव वर्षांची कोरा म्हणाली. "इथे कोरा राहते. आणि लिपस्टिक फार गडद लावलीस. हरताना ओठ दिसतात आधी."

"नमस्कार, आई," जोसी हेस्टरकडे न बघता म्हणाली.

"केक तू केलास?" हेस्टरने विचारलं.

"विकत आणला. मी मुख्य भूमिकेत असते ना, आई. केक बाजूला कुणीतरी करतं."

रूफस खोकला. कोराने चष्मा नाकावर चढवला. जेवण सुरू झालं होतं.

भाजलेली कोंबडी आली, सॅलड आलं, मार्टिनीचा पहिला पेला कोरापुढे आला. नियम जुनेच होते. रूफसने कागदी रुमालांच्या घड्या करून त्यांत नावं लिहून ठेवली होती. तो एक घडी उघडून नाव वाचणार. ज्यांचं नाव नाही त्यांनी तिथल्या तिथे हरायचं. पुतळ्याच्या जागी मिरपूड दळायची लाकडी गिरणी असे, कारण तालमीत खरा पुतळा काढणं अपशकुनी. चेहरा पटला तर कोरा चमच्याने ग्लासवर एकदा टण् करायची. पटला नाही तर गप्प. तिच्या गप्प बसण्याला हेस्टर समीक्षकांपेक्षा जास्त भ्यायची.

"मुख्य भूमिकेतली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री," रूफसने घसा साफ केला. त्याने घडी उघडली आणि क्षणभर थांबला. ते थांबणं नाटकी नव्हतं. आता काय होणार हे त्याला दिसत होतं. "जोसेफिन विंडम."

या क्षणासाठी हेस्टरने महिनाभर आरसा झिजवला होता. नाव जाहीर होताना टीव्हीच्या पडद्यावर पाचही जणींच्या चेहऱ्यांचे पाच चौकोन असतात, त्यांतला एक आपला, हे ती विसरली नव्हती. डोळे विस्फारले, हात छातीवर गेला, मान मुलीकडे वळली, ओठांवर हसू उमटलं आणि त्याच्या मागोमाग पाणी.

सगळ्यांनी कोराकडे बघितलं. कोरा कोंबडीचा तुकडा चावत होती.

"हात लवकर आला," तिने गिळल्यावर सांगितलं. "नाव निघायच्या आधीच निघाला होता. हाताला काय बातमी आधी मिळते? पुन्हा."

"जोसेफिन विंडम," रूफस म्हणाला.

या वेळी हेस्टरने हात मांडीवर दाबून ठेवला. चमचा हलला नाही.

"आता डोळ्यांत पाणी नव्हतं," कोरा म्हणाली. "एकाच वेळी दोन गोष्टी जमत नाहीत वाटतं तुला. दोन पुतळे दिले कसे?"

"आई, पोरगी जिंकली तर मी खूशच होणार आहे. त्याला अभिनय कशाला लागतो?"

"मग करत का बसलीस?"

जोसी पहिल्यांदाच हसली. तिने मामाकडे बघून भुवई उडवली. त्या दोघांचं गूळपीठ हेस्टरला पाठच होतं. मुलगी सहा वर्षांची असल्यापासून मामा तिच्या बाजूचा.

"तिसऱ्यांदा, मामा," जोसी म्हणाली. "मला आवडायला लागलंय माझं नाव."

"तुझी पाळी आता," हेस्टर म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढा निघाला. "बघू दे, तुला काय येतं ते."

रूफसने दुसरी घडी उघडली. "हेस्टर विंडम."

जोसीने काहीच केलं नाही असं आधी वाटलं. मग खांदे अलगद खाली आले, जसं काही ओझं कुणीतरी उतरवून घेतलं. चेहरा उजळला, पण घाईने नाही. दोन टाळ्या बसूनच, तिसरीला ती उठली आणि आईकडे असं बघितलं, की हेस्टर स्वतःही खुर्चीतून अर्धी उठली.

टण्.

"हं," कोरा म्हणाली. "याला म्हणतात हरणं."

हेस्टर परत खाली बसली. अभिनंदन करायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"एवढं छान? एवढं छान कसं जमलं तुला?"

"सराव आहे," जोसीने अंडं उचललं, "नऊ वर्षांची असल्यापासूनचा. तू समारंभाला गेलीस की मी सांभाळणाऱ्या बाईंबरोबर टीव्हीसमोर बसायचे. तुझा चौकोन आला की मी तुझा चेहरा करायचे. तू तीनदा हरलीस, मीपण तीनदा हरले. खांदे खाली घ्यायचे ते तुझेच आहेत. तू विसरलीस, मला येतात."

त्या वर्षांचे कपडे हेस्टरला आठवत होते, शिंपीसुद्धा आठवत होता. टीव्हीसमोर कुणी बसलं असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मग शेजारी बसायला काय हरकत आहे?" तिने हळूच विचारलं.

"हरकत?" जोसीने अंडं तसंच ठेवलं. "स्टुडिओ तुझ्या पाया पडत होता. सहायकच्या गटात गेली असतीस तर तुझा पुतळा तुला मिळाला असता, आणि माझा मी माझ्या बळावर जिंकले किंवा हरले असते. पण नाही. मुलगी पहिल्यांदा उभी राहतेय म्हटल्यावर तुला तिथेच उभं राहायचं होतं."

"मला तेव्हा माहीत नव्हतं तुझंही नाव—"

"आई. सगळ्या लॉस एंजेलिसला माहीत होतं."

रूफसने मिरपुडीची गिरणी उगाचच पुसली.

"बरं, होतं माहीत," हेस्टर म्हणाली. "सगळे म्हणत होते, आता जोसीचं वर्ष. हॉटेलात जेवण वाढणारा पोरगासुद्धा म्हणाला. 'तुम्ही जोसी विंडमच्या आई ना?' मी म्हटलं, हो. आणि घरी येऊन स्टुडिओला फोन केला."

"त्याच दिवशी?"

"गाडीतूनच केला, खरं तर."

कोराच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की मार्टिनीचा, हे ठरवणं अवघड होतं.

"सुंभ जळेल, पीळ काही जायचा नाही," जोसी म्हणाली. पण आवाजातली धार थोडी उतरली होती. "आई, मला हरायची भीती नाही. पाचांतल्या त्या आयरिश नूलाने मला हरवलं तर मी उठून टाळ्या वाजवीन आणि घरी येऊन बशा फोडीन. पण तू जिंकलीस तर बशा कुणाच्या नावाने फोडू? मला खरंच आनंद होईल. तोच तर ताप आहे. शेजारी बसले तर तो सगळ्या जगाला दिसेल, आणि त्याच्या आतला राग मला कधीच दाखवता येणार नाही. म्हणून म्हणते, वेगवेगळ्या रांगा."

रूफसने खिशातून मोबाइल काढला, टेबलावर उपडा ठेवला. हेस्टरला आपला चेहरा आत्ता कसा दिसतोय याचा पत्ता नव्हता. बऱ्याच वर्षांत असं झालं नव्हतं.

"तर मग वेगवेगळ्या रांगा," रूफस म्हणाला. "कळवू?"

"थांब," जोसी एकदम कोराकडे वळली. "आधी मला एक कळू दे. आजी, तू मत कुणाला दिलंस?"

"इथे आजी—"

"कोरा. मत कुणाला दिलंस?"

हा प्रश्न मतदान संपल्यापासून घरात सगळ्यांच्या जिभेवर होता आणि विचारायची छाती कुणाचीच झाली नव्हती. कोरा ऑस्करच्या सगळ्यांत जुन्या मतदारांपैकी होती. साठ-सत्तर वर्षांत तिने मत द्यायचं एकदाही चुकवलं नव्हतं आणि कुणाला दिलं हे तिने कधी लपवलंही नव्हतं. एकदा तर सख्ख्या मैत्रिणीला घरी बोलावून, जेवायला घालून, मग सांगितलं होतं की तुला दिलं नाही.

कोराने रुमालाने ओठ टिपले. लेकीकडे बघितलं. नातीकडे बघितलं.

"नूलाला," ती म्हणाली.

"कुणाला?" हेस्टर आणि जोसी एकाच वेळी ओरडल्या.

"नूला कीगन. आयरिश पोरगी. ती सगळ्यांत चांगली होती. ती बटाटे सोलते ना, काही न बोलता, तो प्रसंग बघून मी थक्क झाले."

"बटाटे!" हेस्टर म्हणाली. "आई, मी नवऱ्याला बर्फात पुरलंय! स्वतःच्या हातांनी! माझी बोटं आठ दिवस बधिर होती!"

"मी बुडाले!" जोसी म्हणाली. "खऱ्या समुद्रात! मार्चमध्ये!"

"ती बुडाली, आई! तुझी नात बुडाली आणि तू बटाट्यांना मत दिलंस?"

"सालं नीट काढली होती," कोरा म्हणाली. "एकसारखी."

"तिच्या वाट्याला सगळ्या सिनेमात मिळून दहा वाक्यं आहेत!"

"आईचं पहिल्यांदा बरोबर आहे," जोसी हेस्टरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "दहासुद्धा नाहीत. आणि आईचा तो फावड्याचा प्रसंग तू बघितलास तरी का? मी दोनदा बघितला. दोन्ही वेळा रडले."

"तू दोनदा बघितलास?" हेस्टर म्हणाली.

"ते मरू दे आत्ता."

"चेहरे बघा आपले," कोरा शांतपणे म्हणाली. "दोघींचे. रूफस, बाथरूममधला फोटो आण बरं."

आणायची गरज नव्हती. हेस्टरने जोसीकडे बघितलं: तोंड उघडं, भुवया वर, एक हात हवेत. जोसी तिच्याकडे बघत होती आणि जोसीच्या डोळ्यांवरून तिला कळलं, की आपणही तशाच दिसतोय. आधी जोसीला हसू फुटलं. मग दोघींना आवरेना. पण राग गेला नव्हता. तो फक्त वाटून घेतला गेला होता.

"मामा," डोळे पुसत जोसी म्हणाली, "त्यांना कळव. शेजारी शेजारी. आणि कोराला आमच्या अगदी मागे बसवा. आमच्या दोन पाठी दिसू देत तिला रात्रभर."

"पाठी ताठ ठेवा म्हणजे झालं," कोरा म्हणाली.

रूफस मोबाइल आणि रिकाम्या थाळ्या घेऊन स्वयंपाकघरात गेला. तो वळत असताना हेस्टरची नजर त्याच्या कानांवर पडली. अंड्यांचं ताट उचलण्याच्या निमित्ताने तीही उठली.

तो नळाखाली थाळी धरून उभा होता.

"कान," हेस्टर म्हणाली.

"काय कान?"

"लाल झालेत. बाबांची फुलदाणी फुटली तेव्हा झाले होते तसे. मतदानाला आईला कॉम्प्युटर तूच उघडून दिला होतास ना?"

"उघडून दिला फक्त. आणि पाठ करून उभा राहिलो. नियम म्हणजे नियम."

"मग?"

रूफसने नळ बंद केला. "मग बराच वेळ काही आवाजच नाही. मला वाटलं, झोपली. वळून बघितलं तर पाच नावं तशीच समोर आणि हिने चष्मा काढून हातात घेतलेला. म्हणाली, बंद कर. मी म्हटलं, आई, आज शेवटचा दिवस आहे. तर म्हणाली, सूप आण."

"म्हणजे कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"आणि नूला?"

"नूलाचा सिनेमा तिने बघितलेलाच नाही. बटाट्यांचं मीच सांगितलं होतं, ते बटाट्याचं सूप देताना."

हेस्टर ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेरून जोसीचा आवाज येत होता. ती आजीला बटाट्यांवरून अजून सोडत नव्हती. मध्येच "मी आणि आई" असं काहीतरी म्हणाली. हे शब्द एकत्र तिच्या तोंडून कधी ऐकले होते, ते हेस्टरला आठवेना.

"सांगणार का जोसीला?" रूफसने विचारलं.

हेस्टरने ओट्यावरचा लिंबाचा केक उचलला आणि बाहेर आली.

जोसीने आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून हेस्टरच्या खुर्चीला खेटून आणून ठेवली होती. पलीकडे कोरा एकटी, हातात मार्टिनी. हेस्टर बसली. केक कापला. मोठा तुकडा मुलीला, तेवढाच मोठा स्वतःला, आणि आईच्या ताटलीत एक पापुद्रा.

"बटाटे!" ती म्हणाली. आवाज बरोबर त्या शब्दावर थरथरला, डोळे भरायचे तेवढेच भरले, आणि या वेळी हात जागचा हलला नाही. "जन्मात विसरणार नाही मी हे, आई."

"मीपण नाही," जोसी तोंडभर केक घेऊन म्हणाली.

कोराने चष्म्यावरून लेकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चमचा उचलला आणि ग्लासवर एकदा वाजवला.

टण्.

"हे कशाबद्दल?" जोसीने विचारलं.

"काही नाही," कोरा म्हणाली. "ग्लासला तडा गेलाय का, ते बघितलं."